पावणेसातच्या गाडीचा फळा

माझी नात प्राजक्ता सांगलीला असते. जुन्या साड्यांच्या काठांपासून पिशव्या शिवते आणि त्याचे व्हिडिओ मोबाईलवर टाकते. चार दिवस रोज टाकते, मग आठ दिवस काही नाही, मग परत तीन दिवस सलग. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली तेव्हा तोंड पाडून बसली होती.

"आजी, रोज टाकलं तरच लोक बघतात गं. मला रोज जमतच नाही. तू कसं केलंस?"

"रोज उठून केलं."

"तसं नाही. तुला कंटाळा यायचा नाही?"

"यायचा की."

"मग?"

"मग काय? गाडी पावणेसातला यायची."

एवढ्या उत्तराने तिचं समाधान झालं नाही. तिच्या ओळखीच्या एक बाई सांगलीत दिवाळी अंक काढतात, त्यांना तिने माझं नाव सांगितलं, आणि त्यांनी मला लिहायला बसवलं. तर लिहिते. मी आमच्या गावच्या वाचनालयात शिपाई होते. शिक्षण चौथी. नव्वद सालापासून पुढे साडेनऊ वर्षं वाचनालयाच्या भिंतीवरचा फळा मी रोज लिहिला. त्यातला एक दिवस सोडला तर सगळ्याचा मला अभिमान आहे. त्या एका दिवशी मी जे लिहिलं ते कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं, याबद्दल माझी लेक सुनंदा, म्हणजे प्राजक्ताची आई, आजही चुकीचं धरून बसली आहे. तो चुकीचा समज मीच करून दिला. तेही या लेखात येईल. आधी फळा काय होता ते सांगते, नाहीतर बाहेरच्या माणसाला एवढं काय घडलं ते कळायचं नाही.

आमचं गाव कराडहून पाटणला जाताना लागतं. गाव आत आहे, फाटा रस्त्यावर, आणि वाचनालय फाट्यावर. दोन खोल्या, तीन कपाटं, एक लांब बाक. माझं काम झाडणं, पाणी भरणं, कराडहून सहाच्या गाडीने येणारा वर्तमानपत्रांचा गठ्ठा उतरवून घेणं आणि पुस्तकं परत जागेवर लावणं. रस्त्याकडच्या भिंतीला सिमेंटचा फळा होता, माणसाच्या उंचीचा. माझ्या आधीचा शिपाई त्यावर सुविचार लिहायचा, सोमवारी. वाचनालयाचे अध्यक्ष गुरुजी होते, निवृत्त मास्तर. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, "अक्का, आठवड्यातून एकदा लिहिलंत तरी चालेल."

मी दोन आठवडे तसं केलं आणि बघितलं. सोमवारी दोघंतिघं वाचत, मंगळवारपासून कुणी ढुंकून बघत नसे. बुधवारी त्याला कुणीतरी सायकल टेकवून ठेवायचं. आठवड्याने बदलणारा फळा म्हणजे भिंतच. म्हणून मी रोज लिहायला लागले. हुशारी वगैरे काही नव्हती. मला लिहायला आवडायचं आणि घरी लिहिण्यासारखं काही नसायचं.

पहिले चार महिने तरीही कुणी वाचलं नाही. हे प्राजक्ताला मी मुद्दाम सांगितलं. चार महिने मी म्हशींसाठी लिहिलं, कारण त्याच तिथे अंग घासायला उभ्या राहायच्या. मग एकदा गुरुजींनी निवडलेल्या सुविचाराखाली मी लिहिलं, "रॉकेल आले आहे. दुपारपर्यंतच मिळेल." त्या दिवशी अर्धं गाव फळ्यापुढे. तेव्हा मला हे काम कळलं. माणसाला लागतं ते आधी द्यायचं. मग तो बाकीचंही वाचतो, आणि रोज त्याच वेळी मिळालं तर उद्या परत येतो.

वेळ ठरली ती पाटणहून सांगलीला जाणाऱ्या गाडीमुळे. ती पावणेसातला फाट्यावर यायची आणि दोन-तीन मिनिटं थांबायची. कराडला कॉलेजला जाणारी पोरं, मास्तर, दवाखान्याला निघालेली माणसं, सगळी त्याच गाडीत. फळा गाडीच्या डाव्या बाजूला पडायचा. डावीकडचे लोक वाचत आणि उजवीकडच्यांना ओरडून सांगत. म्हणून अक्षर वीतभर हवं आणि ओळी पाचच. सुतळी चुन्यात बुडवून ताणायची आणि टिचकी मारायची, की सरळ रेघ उठते. ही युक्ती सुनंदाची. ती तेव्हा अकरावीत होती. माझ्या ओळी खाली घसरायच्या. ती म्हणायची, "आई, तुझ्या ओळी उताराला लागलेल्या बैलगाडीसारख्या जातात." रेघा मारून घेतल्या तेव्हाच ओळी जागेवर राहिल्या.

आणखी दोन गोष्टी सांगते, त्या पुढे लागतील. फळा काळा करायला आम्ही टॉर्चच्या संपलेल्या सेलमधली काळी पूड आणि घोसाळ्याचा पाला वाटून लावायचो, दोन महिन्यांतून एकदा. वाळला तरी त्याचा रंग हाताला लागतोच. दुसरं म्हणजे खडू. साधा खडू वाऱ्यानेही पुसट होतो. साखरेच्या पाण्यात भिजवून सुकवला तर अक्षर ठळक उठतं आणि सहजासहजी पुसलं जात नाही. मी नेहमी साखरेचा खडू वापरला.

सुविचारांचं म्हणाल तर थोरामोठ्यांची वचनं सहा महिन्यांत संपली. गुरुजींच्या वहीत होती तेवढी दोनदा लिहून झाली. मग मी माझीच लिहायला लागले. एकदा लिहिलं, "पाहुण्याला कधी जाणार विचारू नये. परतीच्या गाडीची वेळ मात्र सांगून ठेवावी." आणि खाली गाड्यांचं वेळापत्रक दिलं. गुरुजी चष्मा पुसत आले.

"अक्का, हे वचन कुठल्या ग्रंथातलं?"

"आमच्या घरातलं. नणंद आली होती."

गुरुजी हसले नाहीत, पण पुसायलाही सांगितलं नाही. पावणेसातच्या गाडीचे कंडक्टर होते माने. त्या दिवशी ते पायरीवर उभे राहून मोठ्याने वाचून दाखवत होते. पुढे पुढे माझी ओळ अर्धी असली तर गाडी थांबायला लागली. माने ओरडायचे, "अक्का, आटपा की! 'शेजाऱ्याच्या म्हशीचं' एवढंच लिवलंय. फुडं काय? डबल बेल मारली तर ह्या बायका मला गाडीतनं खाली उतरवतील."

"दूध मोजू नये," मी ओरडून सांगायची, आणि मग गाडी सुटायची.

फळ्याचा उजवा खालचा कोपरा मी कोरा ठेवत असे. तो मयताचा. पंचक्रोशीत कुणी गेलं तर तिथे नाव, गाव आणि माती किती वाजता ते लिहायचं. तेव्हा फोन दोन घरांत होते. त्यातला एक बंद असायचा. पावणेसातच्या गाडीत खबर चढली की साडेआठपर्यंत कराड ओलांडायची आणि दुपारच्या आत सांगलीतल्या पाहुण्यांना पोचायची. लोकांचे डोळे आधी त्या कोपऱ्याकडे जायचे. तो कोरा दिसला की मग सुविचार, मग रॉकेल.

या कोपऱ्यानेच मला नियम शिकवला. वरच्या वाडीतले म्हादूतात्या आजारी होते. दूध घालायला आलेल्या एकाने सांगितलं, "तात्या गेलं." मी लिहिलं. गाडी खबर घेऊन गेली. नऊच्या सुमाराला खुद्द तात्या काठी टेकत फळ्यापुढे. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी एका पोरीकडून वाचून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"आवं अक्का, म्या मेलो व्हय?"

"तात्या, चुकलं."

"न्हाई न्हाई, ऱ्हाऊ द्या. माती कवा हाय म्हनायची?"

"अकराला लिहिलंय."

"मंग घरला जाऊन आंघोळ तरी करतो."

संध्याकाळी त्यांचा सांगलीचा जावई रडत उतरला आणि सासऱ्याला बाकावर विडी ओढताना बघून त्यालाच चक्कर आली. गाव महिनाभर हसलं. मी हसले नाही. त्या दिवसापासून नियम केला. मयताची खबर घरच्या माणसाने स्वतः येऊन सांगितली तरच लिहायची, आणि शेवटी तसं नमूद करायचं, "खबर – घरचे." या दोन शब्दांवर लोकांचा एवढा विश्वास बसला की पुढे कुणी उलटून विचारलं नाही. अक्काच्या फळ्यावर आहे म्हणजे आहे.

साडेनऊ वर्षांत फळा एकदाच कोरा राहिला. मला ताप होता. मी दुसऱ्या कुणाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. गाडी आली, फळा कोरा, आणि मान्यांनी गाडीतूनच अंदाज बांधला की आता कोपरा लिहिणारीच गेली. कराडपर्यंत मी मेलेली होते. दुपारी माझी मावसबहीण नारळ आणि हार घेऊन आली. हार गुरुजींच्या घरच्या गणपतीला घातला आणि नारळाची चटणी केली. त्यावरून मला एवढं कळलं की रोज लिहिणारी बाई एक दिवस थांबली तर त्याचाही काहीतरी अर्थ निघतो.

आता सुनंदाचं.

बारावीनंतर ती सांगलीला माझ्या भावाकडे राहिली, टायपिंग शिकली आणि एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायच्या कामाला लागली. महिन्यातून एकदा यायची. तिचे वडील, आम्ही घरात त्यांना आबा म्हणायचो, सैन्यातून हवालदार होऊन आले होते. कमी बोलायचे आणि बोललेलं मागे घ्यायचे नाहीत. पण सुनंदा यायच्या दिवशी संध्याकाळच्या गाडीला ते फाट्यावर जाऊन उभे राहायचे आणि आम्हाला सांगायचे की पायांना चालणं पाहिजे.

तीन वर्षांनी एके दिवशी तिचं पत्र आलं. तिने कचेरीत जाऊन लग्न केलं होतं. मुलगा पाटणच्या वरच्या अंगाचा, सांगलीत स्टँडजवळ त्याचं सायकलचं दुकान. आमच्या जातीचा नव्हता. पत्र आबांच्या नावावर होतं. त्यांनी संध्याकाळी जेवायच्या ताटावर वाचलं, घडी घातली आणि ताट सरकवलं.

"आपल्याला ती मेली," ते म्हणाले. "सांग लोकांस्नी."

एवढंच बोलले आणि उठून गोठ्याकडे गेले.

मी पत्र उचललं. दीड पान होतं. "आबा, मला माफ करा," इथून सुरू होऊन सगळं आबांना लिहिलेलं. शेवटी एक ओळ, "आईला सांगा." मी दोन-तीनदा वाचलं. जातीचं मला एवढं लागलं नाही, खरं सांगते. मला लागली ती ओळ. जिने मला चुन्याच्या सुतळीने रेघा मारून दिल्या, तिने माझ्यासाठी फक्त "आईला सांगा" लिहिलं. चार वर्षं मी जगाला रोज पाच ओळी लिहीत होते आणि माझ्या लेकीला मला एक लिहावीशी वाटली नाही.

सकाळी सहाला मी फळा पुसला. रेघा मारल्या. सुविचार लिहिला, तो कुठला ते आता आठवत नाही. दोन बातम्या लिहिल्या. पोलिओच्या डोसाची तारीख लिहिली. मग कोपऱ्यात आले. घरच्या माणसाने सांगितलं होतं. माझा नियम पुरा झाला होता. मी सुनंदाचं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं. मातीची वेळ लिहायची नव्हतीच. शेवटी लिहिलं, "खबर – घरचे."

आबांनी मला फळ्यावर लिही म्हणून सांगितलं नव्हतं. ते रागात बोलले होते. सकाळी त्यांचा राग उतरला असता की नाही मला माहीत नाही, कारण मी सकाळ होऊच दिली नाही.  अक्षर चांगलं आलं होतं.

गाडी आली. त्या दिवशी माने ओरडले नाहीत. डावीकडच्या खिडक्यांतून कुणी उजवीकडे काही सांगितलं नाही. दोन मिनिटं गाडी नुसती उभी राहिली, आणि मग डबल बेल.

पावणेसात होऊन थोडा वेळ झाला असेल, आबा गोठ्यावरून आले. रोजच्यासारखे फळ्यापुढे थांबले. मी बाक पुसत होते, खिडकीतून दिसत होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि कोपरा पुसायला लागले. खडू साखरेचा. कोरड्या टोपीने जाईना. मग ते नळाशी गेले, टोपी भिजवली आणि परत येऊन घासली. सुनंदाचं "सु" सगळ्यात शेवटी गेलं. पांढरी टोपी फळ्याच्या रंगाने काळी झाली होती. ती त्यांनी पिळली, झटकली आणि तशीच डोक्यावर घातली. फाट्यावर पाचसहा माणसं होती. त्यांच्यासमोरून ते तसेच घरी गेले.

दुपारी मी जेवायला घरी गेले तेव्हा ते म्हणाले, "तू बी लय सरळ हायस बाई. मानूस बोलतो, म्हणून लिवायचं आसतं व्हय?"

मी म्हटलं, "तुमीच म्हनाला, लोकांस्नी सांग."

"व्हय. म्या म्हनलो." ते उठून टोपी धुवायला गेले. 

कोपऱ्यात तिच्या नावाची फिकट सावली राहिली होती. दोन महिन्यांची वाट न बघता मी त्याच दुपारी घोसाळ्याचा पाला तोडला आणि पूर्ण फळा काळा केला.

दुसऱ्या दिवसापासून आबा रोज साडेसहाला फळ्यापाशी येऊन उभे राहायला लागले, ती डागाळलेली टोपी घालून. सोडा लावून धुतली तरी डाग गेला नाही, आणि दुसरी टोपी घरात होती ती ते घालेनात. मी लिहायची, ते उभे. गाडी यायची, थांबायची, जायची. मग ते गोठ्याकडे जायचे. मला वाटायचं, मी परत काही लिहीन म्हणून पहारा करतात. मला त्याचा राग यायचा. चार वर्षं हे चाललं, पावसात छत्री घेऊन. त्यांना एवढंसुद्धा विचारलं नाही की तुम्ही का येता. आम्हा दोघांत तिचं नाव निघायचंच नाही.

माझं लिहिणं मात्र बदललं. प्राजक्ता विचारते ना, रोज कसं जमलं, ते त्या दिवसापासून तसं जमलं. आधी आवड म्हणून रोज होतं. नंतर भीतीने रोज झालं. सुनंदाचं सासर त्याच रस्त्यावर, आमच्या पुढे. कधीतरी ती त्या गाडीत असणार. असली आणि डावीकडे बसली तर तिला त्या कोपऱ्यात आपलं नाव नाही हे दिसलं पाहिजे. कुठल्या दिवशी येईल माहीत नाही, म्हणून एकही दिवस सोडायचा नाही. कोपरा रोज ओल्या फडक्याने पुसायची, लिहिलेलं नसलं तरी. कुणाचं मयत असलं तर नाव इतकं मोठं लिहायची की दुरूनही ते दुसरंच कुणाचं तरी आहे हे कळावं. वर कधी कधी अशी ओळ टाकायची जी फक्त तिला कळेल. "बैलगाडी उताराला लागली की चुन्याची रेघ लागते." गावाला वाटलं अक्काचं डोकं फिरलं. माने म्हणाले, "अक्का, ह्याचा अर्थ काय वो?" मी म्हटलं, "ज्याला कळायचा त्याला कळंल." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गपकन दोरी ओढली.

चार वर्षांनी फाल्गुनात आबा पहाटे गेले. छातीत कळ आली आणि उजाडायच्या आत संपलं. शेजारच्या बायका आल्या, रडारड सुरू झाली. सहा वाजले. मी उठले, चप्पल घातली आणि फाट्याकडे निघाले. मागून आवाज आला, "आगं बया, मढं घरात आनि ही फळ्याला चालली!" चालले. सांगलीला दुसरी कुठली खबर वेळेत पोचणार होती? त्यांच्या नावाखाली मी "खबर – घरचे" लिहिलं. घरची मीच होते.

गाडी आली तेव्हा माने खाली उतरले. त्यांनी वाचलं आणि हळूच म्हणाले, "सांगलीत उतरल्या उतरल्या सायकलच्या दुकानात जातो. काळजी करू नका." मग जाता जाता म्हणाले, "आबा रोज खुणेनं इचारायचे मला. बसली हाय का म्हनून. म्या मान हलवायचो, न्हाई."

म्हणजे चार वर्षं ते पहारा करत नव्हते. खिडक्या बघत होते.

सुनंदा दुपारच्या गाडीने आली. भावकी थांबली नाही, माती अकराला उरकली होती. ती घरी आली नाही. कुणीतरी सांगितलं की फाट्यावर उभी आहे, म्हणून मी गेले. ती फळ्यासमोर होती, कडेवर वर्षाची पोर, म्हणजे ही प्राजक्ता. मी जवळ गेले तरी तिने फळ्यावरची नजर हलवली नाही.

"माझं नाव कधी पुसलंस?"

"त्याच दिवशी. सात वाजता."

"मी पावणेसातला वाचलं."

मला काही कळेना. ती म्हणाली, "मी होते गाडीत. लग्नानंतर सासरी पूजा होती, तिथून परत निघालो होतो. मुद्दाम डावीकडे बसले. म्हटलं उतरायची हिंमत नाही, पण आईचं अक्षर तरी दिसेल."

पोर तिच्या कानातलं ओढत होती. ती सोडवत नव्हती.

"त्यानंतर परत कधी त्या गाडीला बसले नाही," ती म्हणाली. "आबांनी लिहायला लावलं ना तुला?"

त्या प्रश्नाला किती जागा होती बघा. मी नाही म्हणू शकले असते. सांगू शकले असते की तुझ्या बापाने टोपीने पुसलं, चार वर्षं खिडक्या बघितल्या. पण तसं सांगितलं तर लिहायचं कुणी ठरवलं, हेही सांगावं लागलं असतं. ती कडेवर पोर घेऊन समोर उभी होती. मेलेल्या माणसाला काही फरक पडत नाही असं मला वाटलं. मी म्हटलं, "व्हय."

तिने मान हलवली. तिला तेच अपेक्षित होतं. मग तिने प्राजक्ताला माझ्या हातात दिलं.

त्या एका "व्हय"वर मला माझी लेक परत मिळाली. दिवाळीला येते, उन्हाळ्यात येते, माझ्या गुडघ्यांचं औषध पाठवते. नवऱ्याने तिला नीट सांभाळलं, तो चांगला माणूस निघाला. पुढे रस्ता रुंद झाला, फळ्याची भिंत पाडली आणि माझं तिथलं लिहिणं थांबलं. सगळं ठीक चाललं. फक्त आमच्या माजघरात आबांचा फोटो आहे, त्याच टोपीतला. सुनंदा एवढ्या वर्षांत त्याच्यासमोर एकदाही थांबली नाही. जेवायला बसते ती त्याच्याकडे पाठ करून. मी वाढते आणि त्यांच्याकडे बघते. मला आता या वयात काही नको आहे. देवाधर्माचं नाही, औषधाचं नाही. तिने एकदा वळून त्या फोटोला हात जोडावेत एवढंच रोज वाटतं, आणि तेवढंच मी तिला मागू शकत नाही.

उन्हाळ्यात प्राजक्ता त्याच फोटोखाली बसून मला म्हणाली, "आई सांगते, आजोबांनी तिला जिवंतपणी मेलेल्यांत लिहायला लावलं. असला कसला बाप?"

मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

तिला रोजचं गणित सांगितलं होतं, ते इथेही लिहिते. वेळ एकच धरायची. चार महिने कुणी बघणार नाही असं धरून चालायचं. लोकांना लागतं ते आधी द्यायचं. आणि एका माणसासाठी लिहायचं, जो आज येईल की नाही माहीत नाही. हे शेवटचं जमलं तर कंटाळा येत नाही. माझं आजही थांबलेलं नाही. अंगणात पाटी ठेवली आहे, रोज सकाळी पाच ओळी लिहिते. कोपरा कोरा ठेवते आणि तरी पुसते.

संपादकबाईंना मी एकच विचारलं, अंक सांगलीला स्टँडवर मिळतो का? त्या म्हणाल्या, तिथेच सगळ्यात जास्त जातो. सायकलचं दुकान तिथून हाकेवर आहे. सुनंदा अंक घेईल, माझं नाव बघून आधी हेच पान काढेल. वाचून ती मला काय म्हणेल ते मी ठरवू शकत नाही. कदाचित या दिवाळीला येणार नाही. फळ्यावरचं पुसता येत होतं, याला ओली टोपी चालत नाही, म्हणूनच इथे लिहिते. बाई, हे शेवटचं उजव्या कोपऱ्यात छापा:

सुनंदाचं नाव मी लिहिलं. तिच्या वडिलांनी पुसलं. ते रोज गाडीची डावी बाजू बघत होते. खबर – घरचे.